छोटा मालक कशाचा मालक? बर्मिंगहॅमच्या पितळी मुठींची गोष्ट



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं कपाटाच्या मुठी आणि बिजागऱ्यांवर का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. कारण सांगतो. आपण 'मालक' हा शब्द फार सहज वापरतो. दुकानाचा मालक, कारखान्याचा मालक. चार माणसांच्या घरगुती कारखान्यात बापही मालक आणि मुलगाही 'छोटे मालक'. पण मालक म्हणजे नक्की कशाचा मालक? हा प्रश्न पुस्तकात विचारला तर उत्तरं पुस्तकी मिळतात. म्हणून आज तो एका धंद्याला विचारू. हा धंदा म्हणजे फर्निचरला लागणारं पितळी सामान, आणि गाव म्हणजे इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. काळ साधारण 1750 ते 1900.

आधी गाव बघू. बर्मिंगहॅमला बंदर नाही, मोठी नदी नाही. तांबं यायचं कॉर्नवॉलहून, पितळ यायचं ब्रिस्टल किंवा चीडलहून. मग पितळकाम तिथंच का वाढलं? एक कारण कोळसा. 1769 मध्ये वेन्सबरीच्या खाणींकडून कालवा गावापर्यंत आला आणि कोळसा स्वस्त झाला. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बर्मिंगहॅमला 1838 पर्यंत नगरपालिकेचा दर्जाच नव्हता. कोणी कोणता धंदा करावा हे ठरवणारे कारागिरांचे संघ तिथं नव्हते. बाहेरून आलेल्या माणसाला 'तू कोणाचा शिष्य, कोणाच्या परवानगीनं भट्टी लावलीस' असं विचारणारं कोणी नव्हतं. हात चालतो ना, मग बस कामाला.

या गावात काय बनायचं? खणांच्या मुठी, त्यामागच्या नक्षीच्या पट्ट्या, चावीच्या भोकावरची झाकणं, बिजागऱ्या, कड्या, टेबलाच्या पायांची चाकं, आणि शवपेटीच्या मुठीसुद्धा. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा बोस्टन आणि फिलाडेल्फियाचे सुतार सुरेख कपाटं बनवत. त्यांवरचं पितळ मात्र बहुतेक इंग्लंडहून, मुख्यतः बर्मिंगहॅमहून जायचं. म्हणून वसाहतींनी इंग्रजी मालावर बहिष्कार टाकला, की त्याची झळ बर्मिंगहॅमच्या गल्लीबोळांत लागायची.

आता कारखाना डोळ्यांसमोर आणा. घराच्या मागच्या अंगणात एक खोली. एक भट्टी, मुशी, वाळूच्या साच्यांच्या चौकटी, एक बाक, एक शेगडा, थोड्या कानशी. भांडवल म्हणाल तर एवढंच. फर्मा वाळूत दाबून साचा घ्यायचा, पितळ ओतायचं, थंड झालं की कानशीनं साफ करायचं, आम्लात बुडवून उजळायचं, घासून चमक आणायची आणि शेवटी लाखेचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे पितळ काळं पडत नाही. ती चपडी लाख बहुतांशी आपल्याकडून, हिंदुस्थानातून जायची. 1769 मध्येच जॉन पिकरिंग यानं पातळ पत्र्यावर ठशानं नक्षी उठवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मग अठराव्या शतकाच्या अखेरीच्या फर्निचरवर ओतीव पट्ट्यांच्या जागी पातळ, लंबगोल, ठशाच्या पट्ट्या दिसू लागतात.

अ‍ॅडम स्मिथनं 1776 मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. एका छपराखाली दहा माणसं आणि त्यांच्यात वाटून दिलेली कामं. बर्मिंगहॅममध्ये ही श्रमविभागणी छपराखाली नव्हती, ती गल्लीत पसरलेली होती. या घरी ओतायचं, त्या घरी घासायचं, पलीकडच्या घरी लेप. पुढं वाफेचं इंजिन आलं तेव्हाही हे मोडलं नाही. इंजिन एकाचं, खोल्या अनेक, आणि खोलीबरोबर फिरत्या दांड्याची शक्तीही भाड्यानं! म्हणजे यंत्र आलं की घरगुती धंदा संपतो, हे समीकरण इथं लागू पडत नाही.

'स्वतंत्र' या शब्दाची फोड करून बघा. ज्याचं तंत्र स्वतःचं आहे तो स्वतंत्र. या अर्थानं आपला छोटा कारागीर खराखुरा स्वतंत्र होता. वेळही त्याचीच होती. बर्मिंगहॅममध्ये 'संत सोमवार' पाळायची चाल होती. असा कोणी संत नाही हं! रविवारला जोडून सोमवारीही काम बंद ठेवायचं, त्याला दिलेलं हे गमतीचं नाव. भोंगा नाही, मुकादम नाही. हे स्वातंत्र्य लहान नाही. ज्यानं उभा जन्म दुसऱ्याच्या घड्याळावर काढलाय त्याला त्याची किंमत विचारा.

पण तंत्राच्या आजूबाजूला आणखी चार गोष्टी असतात. धातू, नाव, किंमत आणि घर. एकेक बघू.

पहिली, धातू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. यात अडचण अशी की तांबं वितळतं सुमारे 1085 अंश सेल्सियसला आणि जस्ताची वाफ होते सुमारे 907 अंशांना. म्हणजे तांबं वितळायच्या आत जस्त उडून जातं. राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथं जस्ताची वाफ खाली ओढून थंड करण्याची युक्ती कित्येक शतकं वापरात होती. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. तोवर, आणि नंतरही बराच काळ, बंद मुशीत तांबं, कोळसा आणि जस्ताचं खनिज एकत्र तापवून पितळ करत. याला मोठ्या भट्ट्या लागत, मोठं भांडवल लागे. म्हणून पितळ बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि ते वापरणारे शेकडो. 1780 मध्ये कंपन्यांनी भाव चढवले तेव्हा बर्मिंगहॅमच्या पितळकामवाल्यांनी 1781 मध्ये आपलीच बर्मिंगहॅम मेटल कंपनी काढली. मॅथ्यू बोल्टनसारखे बडे कारखानदार त्यात पुढं होते. ब्रॉड स्ट्रीटवरचं त्यांचं 'ब्रासहाउस' आजही उभं आहे. वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन कच्च्या मालाची मालकी मिळवली, ही मोठीच गोष्ट. पण ती मिळाली कोणाला, तर ज्याची शेअर घ्यायची ऐपत होती त्याला. अंगणातला कारागीर पितळ उधारीवरच घेत राहिला.

दुसरी गोष्ट, नाव. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या काळातली नमुन्यांची पुस्तकं आहेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या मुठींची चित्रं, त्यांखाली क्रमांक, कधी शाईनं लिहिलेला भाव. सगळं आहे, पण बनवणाऱ्याचं नाव बहुतेक पुस्तकांत नाही. का नाही? कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये घाऊक व्यापारी होता, त्याला तिकडं 'फॅक्टर' म्हणत. पुस्तक घेऊन गावोगाव, परदेशी तोच जायचा. बनवणाऱ्याचं नाव छापलं तर गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल, आणि व्यापाऱ्याला हे परवडणारं नव्हतं. काही मुठींच्या मागच्या बाजूला आद्याक्षरं उठवलेली सापडतात. मागच्या बाजूला, म्हणजे मूठ बसवली की जी लाकडाला चिकटते तिथं! परिणाम काय झाला? आज संग्रहालयात जुनं कपाट असलं तर सुताराचं नाव पाटीवर असू शकतं. मुठीबद्दल एवढंच लिहिलेलं असतं, 'इंग्लिश, बहुधा बर्मिंगहॅम'.

जॉन लॉकचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे. वस्तूत माणसाचे श्रम मिसळले की ती त्याची होते. या धंद्यात श्रम मिसळले, वस्तू झाली, आणि त्याच क्षणी तिच्यावरून माणूस पुसला गेला.

तिसरी गोष्ट, किंमत. शनिवारी हाताखालच्या माणसांना मजुरी द्यायची. रोकड नाही, माल आहे. व्यापाऱ्याला हे चांगलं ठाऊक. मग तो म्हणेल त्या भावाला माल जायचा. शिवाय शेजारच्या गल्लीतला दुसरा छोटा मालक त्याहून कमी भाव सांगायला तयारच असे. 1890 च्या दशकात ई. जे. स्मिथ या बर्मिंगहॅमच्या कारखानदारानं यावर एक उपाय काढला. धातूच्या पलंगांच्या धंद्यात, म्हणजे आपल्या मुठींच्या सख्ख्या भावंडांत, त्यानं मालक आणि कामगार संघटना यांची जूट बांधली. ठरलेल्या किमतीखाली मालकानं विकायचं नाही, आणि जुटीबाहेरच्या मालकाकडे कामगारानं काम करायचं नाही. 1900 च्या आसपास ही जूट मोडली. पण स्मिथ एक गोष्ट वारंवार सांगायचा, ती विसरू नये. माणसं तोट्यात विकतात ती दुष्टपणानं नव्हे, तर आपला माल आपल्याला केवढ्याला पडला हे ठाऊकच नसतं म्हणून.

का ठाऊक नसतं? इथं आपण चौथ्या गोष्टीशी येतो. घर.

लेप देण्याचं काम बहुतेक बायका करत. तापलेल्या चुलाण्याजवळ, दारं-खिडक्या लावून, कारण धूळ बसली की लेप बिघडतो. माल पुसणं, कागदात बांधणं हे पोरांचं काम. सोमवार संतानं नेला की राहिलेलं काम शुक्रवारी रात्री कोण उरकायचं? घरच. पितळ ओतताना जस्ताचा पांढरा धूर उठतो. तो नाकातोंडात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. ओताऱ्यांमध्ये हे इतकं सर्रास होतं, की 1862 मध्ये डॉक्टर ग्रीनहाऊ यांनी 'पितळ ओताऱ्यांची हिवताप' म्हणून त्याचं वर्णन केलं. उपाय म्हणून ओतारी दूध पीत. लहान कारखान्यांतल्या मुलांच्या कामाच्या तासांना कायद्यानं हात घातला तो 1867 मध्ये. मोठ्या कापड गिरण्यांना कायदा लागू होऊन तेव्हा तीन दशकं उलटून गेली होती. घर आणि कारखाना एकच असला की सरकारी तपासनीस उंबऱ्यावर थबकतो.

आणि आता कायद्याचं एक कलम ऐका. 1870 पर्यंत इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची कमाई कायद्यानं नवऱ्याची असे. म्हणजे धातू उधारीचा, नाव व्यापाऱ्यानं पुसलेलं, किंमत शनिवारच्या हाती, असा हा आपला छोटा मालक एका गोष्टीचा मात्र पक्का, कायदेशीर मालक होता. बायकोच्या मजुरीचा.

हे मी त्याची निंदा करायला सांगत नाही. तो राबलाच, धूरही त्याच्याच छातीत गेला. पण त्याच्या मालाचा भाव कमी राहायचा, कारण घरातले श्रम हिशेबात धरलेलेच नसायचे. छोट्या घरगुती धंद्याची चिवट ताकद आपण वाखाणतो, मंदीतही तो टिकतो म्हणतो. टिकतो खरा. तो ज्याच्या जिवावर टिकतो आणि ज्या जागी तो सर्वांत दुबळा असतो, ती जागा एकच आहे, न मोजलेलं घर. न मोजलेल्या श्रमांचा फायदाही घराला मिळत नाही. तो घासाघीस करणाऱ्याकडे जातो, कारण भाव तेवढाच खाली उतरतो.

काही म्हणतील, दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, आपल्याला त्याचं काय? आज अलीगढ, मुरादाबाद, जामनगर इथं पितळी सामान बनतं आणि जगभर जातं. तिथं मोठे कारखाने आहेत, तशा गल्ल्याही आहेत, आणि एकाच मुठीवर अनेक घरांचे हात फिरतात. पाकिटावर ब्रँड दुसऱ्याचाच असतो. उधारीपुरतं बोलायचं तर आपल्याकडे 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असं तो सांगतो. म्हणजे शनिवारच्या अडचणीची दखल कायद्यानं घेतली. पण व्यापाऱ्याला कायदा दाखवायला आधी पुढची ऑर्डर गमावायची तयारी लागते, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

आणि चौथी गोष्ट? कोणत्याही लहान कारखानदाराला विचारा, तुमच्या मालाचा खर्च काढा बरं. तो धातू धरेल, वीज धरेल, भाडं धरेल, दोन कामगारांचा पगार धरेल. पॅकिंग कोण करतं? 'घरचीच माणसं, त्यांचं काय धरायचं!' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. यात प्रेम आहे, हे मला कळतं. पण हिशेबाच्या वहीत प्रेमाचा रकाना नसतो, आणि गिऱ्हाईक ते फुकटातच घेऊन जातं.

म्हणून मला वाटतं, मालकी ही एक अखंड वस्तू नाही. ती सुट्या भागांची बनलेली असते आणि प्रत्येक भाग वेगळा मिळवावा लागतो. धातूची मालकी एकट्याला मिळत नाही, ती संघटनेनं मिळते. किमतीची मालकी जुटीनं मिळते आणि जूट तुटली की जाते. नाव मात्र मुठीच्या दर्शनी बाजूला आणता येतं. आणि घरातल्या माणसांच्या श्रमांची मालकी ज्याची त्याला देणं, हे तर आज रात्री वही उघडूनही करता येण्यासारखं आहे. वहीत त्यांच्या नावानं एक ओळ घाला, तास लिहा, दर लिहा. भाव वाढेल, कदाचित एखादी ऑर्डर जाईलही. पण निदान आपण कोणाच्या जिवावर स्वस्त विकत होतो ते तरी कळेल.

आता तुमचे प्रश्न घेतो. तुमच्यापैकी कोणाचा असा धंदा असेल, तर आधी त्यांनी बोलावं.