रानपिंगळा

रानपिंगळा (शास्त्रीय नाव ॲथीनी ब्लुइटाय) : मध्य भारतातील पानझडी अरण्यांत राहणारा, घुबडांच्या कुलातील अत्यंत विरळ पक्षी. भिवंडीच्या वाचकास तानसा हे नाव परके नाही, कारण वज्रेश्वरी जिच्या काठी वसली ती हीच नदी. परंतु तिच्या वरच्या अंगास, शहापूर व वाडा तालुक्यांच्या हद्दीत पसरलेल्या अभयारण्यात रानपिंगळ्याची वस्ती आहे, ही गोष्ट २०१४ सालापर्यंत कोणाच्याही दप्तरी दाखल नव्हती.

लांबी सुमारे २३ सेंमी. गावाकडच्या नित्याच्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते, तर याचा माथा जवळजवळ निष्कलंक, डोके व चोच थोराड आणि पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे असतात. पहाटेच्या ज्या प्रहरास आपण पिंगळावेळ म्हणतो त्याच्याशी या पक्ष्याचे फारसे नाते नाही. हा लख्ख उन्हात, उंच निष्पर्ण फांदीवर शेपूट झटकत बसतो आणि सरडे, पाली, उंदीर व कीटक यांवर निर्वाह करतो. अंडी जुन्या वृक्षांच्या ढोलीत, बहुधा दोन.

एफ. आर. ब्लुइट यांनी १८७२ मध्ये मिळविलेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले. पुढे मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने जमविले आणि १८८४ नंतर पक्षी जणू लुप्तच झाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांनी आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक पक्षी मिळविल्याचे सांगितले. तो वस्तुतः संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. या खोट्या दाखल्याने शोध घेणाऱ्यांना भलत्याच मुलखात भटकविले, आणि नमुन्यावरच्या एका लबाड चिठ्ठीने एखाद्या जीवाचे केवढे अहित होते याचे याहून बोलके उदाहरण पक्षिशास्त्रात क्वचितच सापडेल. पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी ती नोंद बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. त्यानंतर तोरणमाळ, यावल व मेळघाट येथे तो आढळला. सागाच्या कोरड्या जंगलाचाच हा रहिवासी, असा जो समज झाला होता तो तानशाच्या अधिक दमट अरण्यातील शोधाने सैल झाला.

या पक्ष्याच्या संरक्षणातील अडचण तुलनेने ध्यानात येते. न्यूझीलंडातील काकापो हा न उडणारा पोपट १९९५ मध्ये अवघा ५१ उरला होता. त्याला शिकारी प्राण्यांपासून मुक्त केलेल्या बेटांवर हलवून, प्रत्येक पक्ष्याच्या अंगावर प्रेषक बांधून, २०२२ पर्यंत ती संख्या २५० च्या वर नेण्यात आली. रानपिंगळ्यास असे बेट देता येत नाही. त्याचे बेट म्हणजे ढोली असलेला जीर्ण वृक्ष, आणि सरपणासाठी वा शेतीसाठी कुऱ्हाड पडते ती बहुधा त्याच्यावरच. घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेमुळे होणारी हत्या वेगळीच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यास स्थान आहे; आंतरराष्ट्रीय यादीत २०१८ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला, तो मुख्यत्वे नव्या स्थळांच्या शोधामुळे.

तानसा परिसरात हा पक्षी दिसल्यास ढोलीजवळ जाऊ नये, मुद्रित आवाज वाजवून त्यास बोलावू नये, आणि दिनांक, वेळ व झाडाची जात लिहून ती नोंद वनखात्याकडे द्यावी.