बिद्याधरीच्या मृत्यूनंतर

हवामानबदलावरील उपायांची चर्चा निघाली की सौरऊर्जा, पवनचक्क्या, विजेवरची वाहने यांचीच नावे पुढे येतात. कोलकात्यातील वास्तव्यात मला सर्वाधिक विचार करायला लावणारा उपाय मात्र नव्वद वर्षांहून जुना आहे आणि तो मासेमारांच्या हातून घडला आहे.

कोलकात्याचा उतार हुगळीकडे नसून उलट पूर्वेला आहे. त्यामुळे इंग्रजांनी शहराचे सांडपाणी कालव्यांतून पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे नेले. तेथून ते बिद्याधरी नदीवाटे समुद्राकडे जाई. ही नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये सरकारने ती मृत झाल्याचे जाहीर केले. भरतीचे पाणी येईनासे झाले, तशी खाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीही संपली. १९३० च्या सुमारास बिधुभूषण सरकार या जमीनमालकाने आपल्या तळ्यात शहराचे सांडपाणी घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढवले, असे सांगतात. पुढे अभियंता बी. एन. डे यांच्या योजनेतून कुल्टी नदीपर्यंत नवे कालवे निघाले आणि ही पद्धत फोफावली.

या तळ्यांना बंगालीत 'भेडी' म्हणतात (आपल्या भेंडीशी संबंध नाही!). तळी उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोचते. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते, ते प्राणवायू देते, जंतू मरतात आणि शेवाळ माशांच्या पोटात जाते. उरलेल्या पाण्यावर भात पिकतो. हेच काम शुद्धीकरण प्रकल्पाला द्यायचे तर पंपांना अहोरात्र वीज लागेल, आणि बंगालमधील वीज मुख्यतः कोळशाची आहे. उथळ पाण्यातून थोडा मिथेनही निघतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पावसाचे पाणीही याच दिशेला उतरते. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडून शहर बुडाले, तेव्हा पूर्वेकडील मोकळ्या जागेचे मोल निराळे सांगायला नको होते.

हे सारे जगापुढे मांडले ते ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने. कोलकाता हे पर्यावरणाच्या अनुदानावर चालणारे शहर आहे, असे ते म्हणत. (अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कल्पना विशेष भावते.) १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या भागातील भराव रोखला; २००२ मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर करारान्वये मान्यता मिळाली; २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. घोष २०१८ मध्ये निवर्तले. कागदोपत्री संरक्षणात आता फारशी उणीव नाही, तरीही कडेकडेने भराव होतच राहिला आहे.

त्याचे कारण सरळ आहे. याच दलदलीचा उत्तर भाग १९६० च्या दशकात हुगळीचा गाळ टाकून बुजवला आणि त्यावर विधाननगर, म्हणजे सॉल्ट लेक, उभे राहिले. तेथील जमिनीचा भाव पाहणाऱ्या भेडीमालकाला मासळीचे उत्पन्न किती दिवस पुरेसे वाटणार? मुंबईकर वाचकांना मिठी नदी आठवेल. तिच्या काठची खाजण बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल झाले आणि २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. भराव टाकणाऱ्याचा नफा खासगी आणि पुराचा खर्च सार्वजनिक, हा हिशेब दोन्ही शहरांत सारखाच आहे.

मला कायद्यापेक्षा पैशाचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. शहर सांडपाणी शुद्ध करून घेते, तर त्याचा मोबदला द्यावा. प्रकल्प उभारण्याच्या तुलनेत तो स्वस्तच पडेल. अडचण वाटपाची आहे. काही भेडी खासगी आहेत, काही सहकारी, काही सरकारी. कोठे मालक एक, कसणारा दुसरा. मालकालाच पैसे दिले तर तो ते घेईल आणि भरावासाठी योग्य वेळेची वाटही पाहील. शिवाय कालव्यांतील गाळ काढला नाही, तर भेडीपर्यंत सांडपाणीच पोचत नाही. आणि चर्मोद्योगांचे क्रोमियम त्यात मिसळले, तर मासळीवरचा विश्वास उडतो. गाळाचे खाते एक, चर्मोद्योगांचे दुसरे, मत्स्यव्यवसायाचे तिसरे.

मोबदला ठरलाच, तर पहिला हप्ता तळ्यावरच्या मजुराच्या हाती पडावा असे मला वाटते. पाणी कधी आत घ्यायचे, किती दिवस थोपवायचे आणि जलपर्णी कोठवर वाढू द्यायची, हे तोच जाणतो. आणि त्याची मुले आता न्यू टाउनमध्ये काम शोधत आहेत.