परम शावक
पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) २०१० नंतरच्या दशकात सिद्ध केलेला लहान महासंगणक. शावक म्हणजे पिल्लू. याच केंद्राचा ‘परम ८०००’ हा महासंगणक विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पूर्ण झाला. पुण्यातील ‘एका’ नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला. अशा मोठ्या यंत्रांना वातानुकूलित स्वतंत्र दालन लागते व पंख्यांचा घोंगाट तेथेच कोंडला जातो. टेबलालगतच्या शावकाला हा आडोसा नाही. पंख्याचा वेग निम्मा केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलांनी घटतो, पण हवाही निम्मीच वाहते आणि प्रक्रियक तापतात. म्हणून अशा पेटीत मोठा, संथ पंखा श्रेयस्कर. दालनाचा खर्च न झेपणाऱ्या महाविद्यालयांना मात्र शावकामुळे महासंगणन साध्य झाले.