औंधकर पंतप्रतिनिधि : चित्रकार व संग्राहक

औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार व मोठे कलासंग्राहक होते. त्यांनीं १९३८ सालीं औंधास स्थापिलेल्या भवानी चित्रसंग्रहालयांत राजा रविवर्म्याचीं चित्रें आहेत, तसेंच हेन्री मूरचें शिल्पही आहे. परंतु पोथ्यांच्या संग्राहकांनीं त्यांचें स्मरण आणखी एका कारणास्तव ठेविलें पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस त्यांनीं एक लक्ष रुपये देऊं केले, व तिजसाठीं चित्रेंही स्वतः काढिलीं. १,२५९ पोथ्या ताडून सिद्ध केलेली ही आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. ती पाहण्यास ते हयात नव्हते. पोथी जपणें व तिचा शुद्ध पाठ ठरविणें हीं दोन्ही कामें आश्रयावांचून चालत नाहींत. त्या आश्रयांतील या चित्रकाराचा वांटा नोंदविणें न्याय्य होय.