राष्ट्र, वारसा आणि एक अक्षर : बुखारेस्टचे राष्ट्रीय इतिहास-संग्रहालय

राष्ट्रीय संग्रहालय ह्या नावात एक विधान अध्याहृत असते. दालनांतून मांडलेल्या वस्तू आज त्या भूमीवर नांदणाऱ्या लोकांच्या पूर्वजांनी घडविल्या, आणि म्हणून त्या ह्या लोकांचा वारसा होत, असे ते विधान होय. हे विधान तपासून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. रुमानियाच्या बाबतीत मात्र तो पदोपदी येतो. त्या देशाची भाषा लॅटिनोद्भव. भूमी प्राचीन डेशियन लोकांची. आणि तीवरून रोमन, गॉथ, हूण, स्लाव्ह अशा अनेक जनसमूहांची ये-जा झालेली. भाषेतही ह्या थरांची साक्ष मिळते. सोन्याला रुमानियन भाषेत ‘आउर’ म्हणतात, हा शब्द लॅटिन. पुरून ठेवलेल्या धनाला ‘कोमोआरा’ म्हणतात, तो स्लाव्ह. तेव्हा बुखारेस्टच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयाचा विचार करताना ‘वारसा’ ह्या शब्दाचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. तेथील तीन वस्तुसमूहांच्या आधारे त्याचे उत्तर शोधता येण्यासारखे आहे.

संग्रहालयाची स्थापना १९७० साली झाली आणि ८ मे १९७२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. काल्या व्हिक्तोरियेइ ह्या राजमार्गावरील ज्या प्रासादात ते आहे, तो वास्तुविशारद आलेक्सांद्रु साव्हुलेस्कु यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालखात्यासाठी उभारला. नव्या संस्थेसाठी जुन्या पुराणवस्तू-संग्रहालयातील व इतर ठिकाणच्या वस्तू एकत्र आणण्यात आल्या. ही जमवाजमव एकपक्षीय राजवटीच्या काळात झाली, हे ध्यानात ठेवावयास हवे. त्या राजवटीला डेशियन राजांपासून आपल्यापर्यंत येणारी अखंड रेषा दाखवावयाची होती. डेशियन राजा बुरेबिस्ता याच्या ‘एकात्म’ राज्याचा २०५० वा वर्धापनोत्सव १९८० साली शासकीय थाटात साजरा झाला, तो ह्याच भूमिकेतून. संग्रहातील वस्तू मात्र ह्या रेषेत सहजासहजी बसत नाहीत.

पहिला वस्तुसमूह ट्राजनच्या स्तंभाचा. रोमन सम्राट ट्राजन याने इ. स. १०१–१०२ आणि १०५–१०६ अशा दोन युद्धांत डेशिया जिंकला. ह्या विजयाची शिल्पकथा रोममधील स्तंभावर कोरलेली असून तो स्तंभ इ. स. ११३ मध्ये अर्पण करण्यात आला. डेशियाचा राजा डेसिबॅलस याने शरण जाण्याऐवजी पतकरलेला मृत्यूही तीत आहे. परंतु ही कथा विजेत्याने सांगितलेली आहे. पराजितांनी लिहिलेला त्या युद्धाचा वृत्तांत उपलब्ध नाही. रुमानियन राष्ट्र ज्या घटनेला आपला उगम मानते, तिचे प्रमुख चित्ररूप साधन अशा रीतीने परक्या राजधानीत आणि परक्या दृष्टीतून घडलेले आहे. बुखारेस्टमध्ये आहेत ते स्तंभावरील शिल्पांचे ठसे. १९३९ ते १९४३ ह्या वर्षांत ते तयार करण्यात आले आणि १९६७ साली बुखारेस्टला पोचले. हे ठसे केवळ नक्कल म्हणून दुर्लक्षिणे योग्य नाही. रोममध्ये जे शिल्पपट्ट मान उंचावूनही नीट दिसत नाहीत, ते येथे नजरेच्या टप्प्यात येतात. शिवाय उघड्या हवेत झिजणाऱ्या मूळ शिल्पांची १९४० च्या सुमाराची स्थिती त्यांत टिकून राहिली आहे. मूळ वस्तू दुसऱ्याची, पण तिचा अभ्यास करण्याची सोय येथे जपलेली, असा हा प्रकार आहे.

दुसरा वस्तुसमूह प्येत्रोआसेलेचा. बुझाउ जिल्ह्यातील ह्या गावी १८३७ साली दगड काढणाऱ्या गावकऱ्यांना सोन्याचा मोठा निधी सापडला. त्यांनी तो लपविला. पुढे तो एका कंत्राटदाराच्या हाती गेला व त्याने कित्येक वस्तू फोडल्या. मूळच्या २२ वस्तूंपैकी १२ च शासनाच्या हाती आल्या आणि त्यांचेच वजन सुमारे १९ किलो भरते. गरुडाकृती रत्नजडित काटे पाहून लोकांनी ह्या निधीला ‘सोन्याच्या पिलांसह कोंबडी’ असे नाव दिले आणि तो आपलासा केला. वस्तुतः हा निधी इ. स. च्या चौथ्या-पाचव्या शतकांतील असून त्याचे धनी गॉथ होते. ह्याचा पुरावा त्यांतील एका कड्यावर आहे. त्यावर रूनिक लिपीतील पंधरा अक्षरे कोरलेली असून त्यांचे वाचन ‘गुतानिओवी हाइलाग’ असे करण्यात येते. ‘गुतानि’ हे गॉथांचे नाव आणि ‘हाइलाग’ म्हणजे पवित्र, एवढे बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो मधल्या अक्षरांचा, आणि विशेषतः सातव्या अक्षराचा.

काहींच्या मते येथे ‘गॉथांच्या जोव्ह देवाला अर्पण’ असा अर्थ आहे. काही ‘गॉथ स्त्रियांचे पवित्र धन’ असा अर्थ लावतात. तिसरे वाचन अधिक विचार करण्यासारखे आहे. रूनिक लिपीत प्रत्येक अक्षराला स्वतःचे नाव असते, आणि क्वचित एकटे अक्षर त्या नावाच्या संपूर्ण शब्दाऐवजी लिहिले जाते. मराठी पत्रलेखनात ‘रा. रा.’ एवढ्यावरून ‘राजमान्य राजेश्री’ समजून घेतात, काहीसे तसेच. ‘ओ’ ह्या अक्षराचे नाव ‘ओथल’, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता. हे वाचन स्वीकारल्यास लेखाचा अर्थ ‘गॉथांचा वारसा, पवित्र व अनुल्लंघ्य’ असा होतो. रुमानियाच्या राष्ट्रीय निधीतील ह्या कड्यावर ‘वारसा’ हा शब्द असेलच, तर तो दुसऱ्याच लोकांच्या नावे आणि एका अक्षरापुरता आहे.

तेच अक्षर पुढे नष्ट झाले. १८७५ साली बुखारेस्टमधील तत्कालीन संग्रहालयातून निधीची चोरी झाली. वस्तू परत मिळाल्या, परंतु तोवर कड्याचे तुकडे झालेले होते आणि सातवे अक्षर वाचता येईना. सुदैवाने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर हा निधी लंडनमध्ये मांडण्यात आला असताना तेथील अरंडेल सोसायटीने कड्याचे छायाचित्र घेतले होते. आज त्या अक्षराची चर्चा चालते ती मुख्यतः त्या छायाचित्राच्या आणि जुन्या ठशांच्या आधारे. ओदोबेस्कु यांचा निधीवरील बृहद्‌ग्रंथ १८८९ ते १९०० ह्या काळात प्रसिद्ध झाला, तोही अशाच नोंदीचे कार्य करतो. पहिल्या महायुद्धात शत्रू बुखारेस्टच्या रोखाने येत असता हा निधी राष्ट्रीय बँकेच्या सोन्याबरोबर मॉस्कोला हलविण्यात आला. १९५६ साली तो परत आला. बँकेचे सोने त्या परतीत नव्हते. चाळीस वर्षे कडे डोळ्यांआड असतानाही त्याचा अभ्यास खंडला नाही, ह्याचे श्रेय ह्या नोंदींना द्यावे लागते.

राष्ट्राच्या अपेक्षेने एखाद्या अक्षरसमूहाचा अर्थ कसा ओढला जातो, ह्याचे उदाहरण क्लूज येथील संग्रहालयात आहे. सार्मिझेगेतुसा ह्या डेशियन राजधानीच्या उत्खननात १९५४ साली एक मोठे मातीचे पात्र मिळाले. त्यावर लॅटिन लिपीत ‘डेसिबॅलस पेर स्कोरिलो’ असा ठसा आहे. ‘पेर’ हा डेशियन शब्द मानून, लॅटिन ‘पुएर’शी त्याचा संबंध जोडून, ‘स्कोरिलोचा पुत्र डेसिबॅलस’ असा अर्थ लावण्यात आला. तसे असल्यास ते डेशियन भाषेतील दुर्मिळ वाक्य ठरते. परंतु ‘पेर’ हे लॅटिन शब्दयोगी अव्यय मानल्यास ‘स्कोरिलोकरवी’ एवढाच अर्थ उरतो आणि तो ठसा कारागिराचा होतो. एका शब्दाने भाषेचा पुरावा सिद्ध होत नाही. मात्र पात्र कोठे, कोणत्या थरात सापडले ह्याची नोंद असल्यामुळे हा वाद पुराव्यानिशी चालविता येतो.

तिसऱ्या वस्तुसमूहाच्या बाबतीत नेमका हाच आधार निखळला आहे. सार्मिझेगेतुसाच्या परिसरातून सुमारे १९९९ ते २००१ ह्या काळात चोरट्यांनी धातुशोधक यंत्रांच्या साहाय्याने डेशियन सोन्याची सर्पिल कंकणे खणून काढली व ती परदेशांत विकली. त्यांपैकी १३ पुढे परत मिळविण्यात आली. वंशाच्या दृष्टीने पाहता हीच कंकणे रुमानियन राष्ट्राला गॉथांच्या कड्यापेक्षा अधिक जवळची. तरीही ती कोणत्या थरात, कशासह व कशा रीतीने पुरली होती हे पुरातत्त्वज्ञांना पाहताच आले नाही. त्यांच्या अस्सलपणाबद्दलही शंका निघाल्या आणि सोन्याचे रासायनिक पृथक्करण करून ते ट्रान्सिल्व्हेनियातील नैसर्गिक सोन्याशी जुळते असे दाखवावे लागले. जे माहितीच्या रूपाने गेले, ते वस्तू परत आणून परत येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नेदर्लंड्समधील आसेन येथील प्रदर्शनातून ह्यांपैकी तीन कंकणे आणि कोत्सोफेनेश्तीचे सुवर्ण शिरस्त्राण चोरीस गेले. कपाळावर मोठे डोळे आणि बाजूंवर मेंढ्याच्या बळीचे दृश्य असलेले हे शिरस्त्राण एका खेडुत मुलाला सापडले होते. ह्या चोरीने रुमानियात जो क्षोभ उसळला तो स्वाभाविक होता. तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने त्या दोन हानींत भेद आहे. शिरस्त्राणावरील प्रत्येक रेषा पूर्वीच मोजली, रेखाटली व प्रसिद्ध केली गेली होती. कंकणांच्या मूळ जागेची हानी मात्र कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच होऊन गेलेली होती.

ह्या तीन समूहांवरून निष्पन्न होते ते असे. केवळ पूर्वजांच्या हातची वस्तू असणे हा निकष लावला तर स्तंभाचे ठसे रोमचे ठरतात, कडे गॉथांचे ठरते आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या निधीतील मोठा भाग परका होतो. केवळ भूमीचा निकष लावला तर चोरट्याने उकरलेले कंकण आणि शास्त्रशुद्ध रीतीने उत्खनन केलेले पात्र ह्यांत फरक उरत नाही. बुखारेस्टच्या संग्रहालयाचा हक्क अधिक भक्कमपणे उभा राहतो तो जतन आणि नोंद ह्या दोन कर्तव्यांवर. सातव्या अक्षराचा निर्णय आज ना उद्या कोणत्याही बाजूने लागो. तो वाद चालू राहू शकतो, ह्याचे कारण ते अक्षर शाबूत असताना कोणीतरी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवले होते.