घर नांदगावात, नोकरी कणकवलीत: सायकलनं कामावर जायचं तर तयारी कशी करायची?

अपॉइंटमेंट लेटर हातात पडतं, जॉइनिंगची तारीख ठरते आणि घरात पुढचा प्रश्न येतो: रोज जायचं कसं? नांदगाव तिठ्यावरून कणकवलीला एसटी मिळते, पण परतीची गाडी आपल्या वेळेला असेलच असं नाही. कोकण रेल्वेचं नांदगाव रोड स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. दुचाकी घ्यावी तर पहिला पगार पूर्ण हातात येण्याआधीच हप्ता सुरू होतो. मग पडवीत उभी असलेली सायकल आठवते.

सायकलनं हे अंतर जमण्यासारखं आहे. पण नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात तीनदा उशीर झाला तर कारण कुणी विचारत नाही. म्हणून तयारी जॉइनिंगच्या आधीच व्हायला हवी.

अंतर किती, वेळ किती?

कुठल्या वाडीतून निघता त्यावर अवलंबून नांदगाव ते कणकवली हे अंतर साधारण १२ ते १५ किलोमीटर भरतं. ताशी १५ किलोमीटरचा वेग धरला तर १३ किलोमीटरला ५२ मिनिटं लागतात. पण कोकणातला रस्ता सपाट नसतो. चढ, थांबे आणि थकवा धरून वेग १२ वर आला की हाच प्रवास ६५ मिनिटांचा होतो. हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यानं करावा.

राज्य सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आहे आणि सर्वसाधारण वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी आहे. कपडे बदलायला २० मिनिटं धरली, तर सव्वाआठच्या आत घर सोडावं लागेल.

रस्त्यात काय लक्षात ठेवायचं?

हा मार्ग मुंबई-गोवा महामार्गाचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ चा आहे. चौपदरीकरणानंतर रस्ता रुंद झाला, तसा गाड्यांचा वेगही वाढला. जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच वापरावा. नसेल तिथे अगदी डाव्या कडेनं, एका रेषेत चालवावं. वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेनं जाण्याचा मोह अनेकांना होतो. समोरून येणाऱ्या गाडीला तुम्ही अपेक्षित नसता, म्हणून तो टाळाच.

नांदगाव आणि हुंबरट इथल्या तिठ्यांवर बाजूच्या रस्त्यांवरून गाड्या येतात, तिथे वेग कमी करावा. कणकवलीत शिरताना उड्डाणपुलावर न चढता खालच्या रस्त्यानं जावं. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या गाड्यांची गर्दी असते. त्या दिवसांत एसटी बरी.

कुठली सायकल चालेल?

महागडीच हवी असं नाही, पण चढासाठी गिअर असले तर गुडघे वाचतात. घरातली जुनी सायकल वापरणार असाल तर आधी मेकॅनिककडे नेऊन ब्रेक शू, ब्रेकच्या वायर, चेन आणि टायर-ट्यूब तपासून घ्या. मडगार्ड, कॅरिअर, घंटी आणि स्टँड हवंच. पॅडल सर्वात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीटची उंची ठेवा. हवेचा दाब किती हवा ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं.

नवी घ्यायची असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. चढ झेपणार नसेल तर ई-सायकलचा पर्याय आहे. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा मान्यताप्राप्त वाहनाला लायसन्स आणि नंबर प्लेट लागत नाही. खरेदीआधी दुकानदाराकडे मान्यतेची कागदपत्रं मागा.

शरीराची तयारी कधीपासून?

किमान तीन आठवडे आधी. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड ५-६ किलोमीटर, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात पूर्ण अंतर जाऊन-येऊन. यातली एक फेरी कामाच्याच दिवशी, ऑफिसच्याच वेळेला मारा. रविवारच्या मोकळ्या रस्त्यावर घेतलेली वेळ सोमवारी उपयोगी पडत नाही.

घामाचं काय?

कोकणातल्या दमट हवेत घाम येणारच. ऑफिसचे कपडे घडी करून पिशवीत न्या, टॉवेल आणि जास्तीचा शर्ट किंवा कुर्ता तिथेच ठेवा. सामान पाठीवर न घेता कॅरिअरला बांधा, पाठ कमी भिजते. जॉइन होताना दोन गोष्टी विचारून घ्या: सायकल कुलूप लावून कुठे ठेवायची आणि कपडे कुठे बदलायचे. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

सर्वात अवघड भाग: परतीचा अंधार

डिसेंबरमध्ये इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सव्वासहाला सुटणाऱ्या माणसाचा परतीचा जवळपास सगळा प्रवास अंधारात होतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, चाकांना रिफ्लेक्टर, अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट आणि डोक्यावर हेल्मेट इतकं तरी हवंच. साध्या सायकलला हेल्मेटची सक्ती नाही, पण डोकं आपलं आहे. महामार्गावर बसलेली मोकाट गुरं अंधारात दिसत नाहीत, म्हणून पुढचा दिवा फक्त लुकलुकणारा नको, रस्ता दाखवणारा हवा. निघताना घरी फोन करण्याची सवय लावा.

आणि पावसाळ्यात?

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, रस्त्यावरचे रंगीत पट्टे निसरडे होतात आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. छत्री धरून सायकल चालवू नका, शर्ट-पँटचा रेनकोट घ्या. मुसळधार पावसात सायकल घरीच ठेवा.

पंक्चर झालं तर?

हवेचा छोटा पंप, जास्तीची ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत ठेवा. ट्यूब बदलायला घरी दोन-तीनदा शिका. एसटीचे दोन-तीन थांबे आणि ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर माहीत असू द्या.

पैसे किती वाचतात?

रोजचे २६ किलोमीटर आणि महिन्याचे २२ दिवस म्हणजे ५७२ किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणारी दुचाकी आणि १०५ रुपये लिटर पेट्रोल धरलं, तर महिन्याला सुमारे १,३०० रुपये. हप्ता, विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं.

पहिल्या दिवसापासून रोज सायकलच, असा हट्ट नको. जॉइनिंगच्या दिवशी एसटीनं जा. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस सायकल काढा, वेळ आणि थकवा लिहून ठेवा. जमलं तर दिवस वाढवा, नाही जमलं तर एसटी आहेच.