विद्यापीठ किती कोसांवर?

विद्या कुणाच्या घरी चालत येत नाही, तिच्या दारी आपणच जावे लागते, असे वडीलधारी माणसे सांगत आली. आज मात्र ती खिशातल्या फोनमधून थेट माजघरात शिरते आहे. या नवलाईचे मोल ठरवायचे, तर मिरजेहून पंढरपूरच्या वाटेवरील कवठे महांकाळपासून विद्यापीठ कधी किती लांब होते, याचा हिशोब मांडून पाहावा. अंतराचा हिशोब दुष्काळी मुलखाला नवा नाही. पाणी किती कोसांवर, हे इथल्या बायाबापड्यांनी पायांनी मोजले आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. प्रारंभी ते स्वतः शिकवीत नसे. महाविद्यालयांना मान्यता देई आणि परीक्षा घेई. १९१९ मध्ये सांगली-मिरजेच्या दरम्यान विलिंग्डन महाविद्यालय निघाले. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत धावू लागली. पुढे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाले, आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार. म्हणजे शंभरएक वर्षांत विद्यापीठ मुंबईहून पुण्यास, पुण्याहून कोल्हापुरास असे जवळ सरकत आले.

पण जवळ आले म्हणजे हाती आले काय? ज्या १९१९ साली विलिंग्डन उघडले, त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. गरिबाच्या मुलाला मैलांपेक्षा भाकरी आणि छप्पर अडवते, हे त्यांनी ओळखले. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह उघडले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र तिथलाच.

पुढचे अंतर यंत्राने कापले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसू लागले. १९८९ मध्ये नाशिकचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०१७ साली ‘स्वयम्’द्वारे नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने फोनवर आली. वाईस तयार झालेला मराठी विश्वकोश, देशभरचे प्रबंध साठविणारी ‘शोधगंगा’, सारे आता बोटाच्या टोकाशी आहे. दिवसभर द्राक्षबागेत राबणारा मुलगा रात्री तेच व्याख्यान दोनदा ऐकू शकतो. ही सोय विलिंग्डनच्या पहिल्या विद्यार्थ्यांना कुठली मिळायला!

मग मार्च २०२० उजाडला. साथीमुळे महाविद्यालये बंद पडली, वसतिगृहे रिकामी झाली, शिकवणे फोनवर आले. तेव्हा भाऊरावांचा जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. कित्येक घरांत फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन. त्यात बहिणीची पाळी बहुधा शेवटी. कुणी रेंजसाठी माळावर जाई, कुणाचे पैसे महिन्याच्या मध्येच संपत. इकडे प्राध्यापक “कळले का?” म्हणून विचारीत, ते काळ्या चौकोनांना. विद्यापीठ हातभर अंतरावर आले होते. पण अभ्यासाला कोपरा, शंका विचारायला माणूस आणि सोबतीला वर्गमित्र मात्र दूर गेले होते.

म्हैसाळच्या उपसा योजनेने कृष्णेचे पाणी या कोरड्या तालुक्याकडे चढविले. पण कालवा भरला म्हणून शिवार भिजत नाही. बांधापर्यंत चारी खणावी लागते. विद्येचेही तसेच आहे. कालवा आता भरून वाहतो. गावोगावच्या वाचनालयात एक उजेडाची खोली, चार संगणक, बिनखर्चाचे इंटरनेट आणि शंका ऐकून घेणारा एक जाणता माणूस, ही त्याची चारी. आणि त्या खोलीत मुलींची पाळी शेवटी येता कामा नये. भाऊराव आज असते, तर त्यांनी वसतिगृहाइतक्याच हट्टाने ही खोली मागितली असती.